प्रेअरीतल्या मालगाड्यांचे फोटो: विनिपेगहून निघणाऱ्या नवख्यांसाठी

पुण्या-मुंबईकडचा रेल्वेवेडा वेळापत्रकावर वाढलेला असतो. कोणती गाडी घाटात कधी चढते, कोणती कुठे थांबते, हे त्याला पाठ असतं. तो कॅनडात मुलाकडे किंवा बहिणीकडे येतो, भाड्याची गाडी घेऊन मॅनिटोबा, सस्कॅचेवान, अल्बर्टाच्या सपाटीवर, म्हणजे प्रेअरीत, फोटो काढायला निघतो आणि दोन दिवसांत वैतागतो. इथे मालगाड्यांचं जाहीर वेळापत्रक नसतं. पाठोपाठ तीन गाड्या जातात आणि मग चार तास रुळावर चिटपाखरू नसतं. मग माणूस दिसेल त्या गाडीमागे ताशी शंभरच्या वेगाने गाडी दामटतो, पुढच्या फाटकाला तिच्याआधी पोचायला बघतो आणि हाती लागतात ते पाठमोऱ्या वाघिणींचे फोटो.

माझं ऐकाल तर पाठलाग सोडा. उजेड बघून जागा धरा आणि गाडीला तुमच्याकडे येऊ द्या. ही सहल त्या पद्धतीने कशी आखायची ते पुढे क्रमाने देतो.

१. आधी दोन मार्ग डोक्यात बसवा

प्रेअरीत मुख्य मार्ग दोनच. एक सीएनचा, म्हणजे कॅनेडियन नॅशनलचा: विनिपेग, पोर्टेज ला प्रेअरी, रिव्हर्स, मेलव्हिल, वॉट्रस, सस्कटून, बिगर, वेनराइट, एडमंटन. दुसरा सीपीकेसीचा: विनिपेग, पोर्टेज, ब्रँडन, ब्रॉडव्ह्यू, रेजायना, मूस जॉ, स्विफ्ट करंट, मेडिसिन हॅट, कॅलगरी. कॅनेडियन पॅसिफिक आणि कॅन्सस सिटी सदर्न या कंपन्या एप्रिल २०२३मध्ये एक झाल्या, त्यातून सीपीकेसी हे नाव आलं. इंजिनं अजून बहुतेक जुन्या लाल सीपी रंगातलीच दिसतात. मधूनच कॅन्सस सिटीचं लाल-पिवळं-काळं इंजिन आलं की आपली चांदी.

सीपीकेसीचा मार्ग बराचसा ट्रान्स-कॅनडा महामार्गाच्या, म्हणजे हायवे १ च्या सोबतीने जातो. नवख्याला तो सोपा. सीएनचा मार्ग गावरस्त्यांमधून शोधावा लागतो, पण गाड्या तिथे जास्त आणि माणसं कमी. दोन्ही जोडून विनिपेग ते विनिपेग फेरी केली तर साधारण ३,००० किलोमीटर होतात: जाताना सस्कटूनवरून एडमंटन, खाली कॅलगरी आणि लेथब्रिज, येताना रेजायनावरून. दहा-बारा दिवस हातात ठेवा. आठवडाच असेल तर एकच मार्ग घ्या. दोन्ही उरकायला गेलात तर फोटो कमी आणि ड्रायव्हिंग जास्त होतं.

रेल्वेचा हिशोब इथे अजून मैलांत चालतो आणि रस्त्याचा किलोमीटरमध्ये. मार्गाचे तुकडे 'सबडिव्हिजन' या नावाने ओळखले जातात. सीएनच्या बाजूला रिव्हर्स, वॉट्रस, वेनराइट. सीपीकेसीच्या बाजूला कारबेरी, ब्रॉडव्ह्यू, इंडियन हेड, स्विफ्ट करंट, मेपल क्रीक आणि ब्रुक्स. ही नावं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, पदोपदी लागतात.

२. कधी जायचं

जूनअखेर ते जुलैचा तिसरा आठवडा कॅनोला फुलतो. कॅनोला म्हणजे आपल्या मोहरीचाच भाऊबंद. क्षितिजापर्यंत पिवळं शेत आणि त्यातून जाणारी लाल इंजिनं, या एका फोटोसाठी लोक लांबून येतात. मला स्वतःला सप्टेंबर जास्त आवडतो. पीक निघालेलं असतं, धान्याच्या गाड्या वाढतात, डास कमी होतात आणि सूर्य दिवसभर कललेला राहतो. हिवाळ्यात उणे तीसमध्ये बॅटरी बघता बघता मान टाकते, पहिल्या सहलीला त्या वाटेला जाऊ नका. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये कॅनडात असालच, तर दिव्यांनी सजवलेली हॉलिडे ट्रेन गाठा. १९९९पासून अन्नपेढ्यांच्या मदतीसाठी ती धावते आणि तिचं गावनिहाय वेळापत्रक आधी जाहीर होतं.

३. कागदपत्रं आणि भाड्याची गाडी

भारतातून येणाऱ्यांनी एवढं सोबत ठेवावं:

- पासपोर्ट आणि व्हिजिटर व्हिसा
- भारतातला मूळ वाहन परवाना आणि आरटीओकडून घेतलेला आंतरराष्ट्रीय परवाना (एक वर्ष चालतो, निघण्याआधी काढा)
- गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड
- प्रवास-आरोग्य विमा
- गाडीच्या भाडेकराराची प्रत, कागदावर

करारात दोन गोष्टी नीट वाचा. पहिली, खडीच्या रस्त्यावर विमा चालतो का. बऱ्याच करारांत चालत नाही आणि सीएनच्या मार्गावर खडीशिवाय गत्यंतर नसतं. दुसरी, एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात गाडी सोडण्याचा आकार. तो ऐकून पुष्कळांनी फेरी मारून परत विनिपेगला येणं पसंत केलंय. चालक पंचवीसच्या आतला असेल तर भाडं आणखी वाढतं.

४. सामान

कॅमेऱ्याबद्दल फार सांगत बसत नाही. एक साधी झूम लेन्स आणि एक १००-४०० सारखी लांबची, एवढ्यात भागतं. शटर एक हजारांशापेक्षा हळू ठेवू नका. खरी उपयोगी वस्तू म्हणजे तीन पायऱ्यांची घडीची शिडी. जुलैत कॅनोला कमरेच्या वर असतो आणि रस्त्याकडेच्या चरात उभं राहिलं की चाकं झाकली जातात. शिडीवर चढलं की तोच फोटो सुटसुटीत होतो.

बाकी: डासांचं मलम, टोपी, जाड तळाचे बूट, धूळ पुसायला फडकी, ऑफलाइन नकाशे आणि लागेल असं वाटतं त्याच्या दुप्पट पाणी. खायला चिवडा नि धपाटे बांधून घ्या. छोट्या गावातलं एकुलतं हॉटेल रविवारी बंद निघण्याची शक्यता मोठी असते.

५. रूळ जिवंत आहे का, ते बघा

हा सापळा सर्वांत मोठा. प्रेअरीची खूण म्हणजे धान्याचे उंच लाकडी एलिव्हेटर, धान्य साठवून वाघिणींत भरायची कोठारं. १९३०च्या दशकात असे पाच हजारांहून जास्त होते. नवखा माणूस नेटवर सुंदर एलिव्हेटर बघतो, दोनशे किलोमीटर जातो, तिवई लावतो आणि वाट बघत बसतो. तिथे गाडी येऊन पाव शतक उलटलेलं असतं.

त्याचं कारण अर्थकारणात आहे. १८९७च्या क्रोज नेस्ट करारापासून या ना त्या रूपात चालत आलेली धान्यवाहतुकीची सवलत १९९५ साली संपली. शाखामार्ग त्याआधीही बंद होत होते, पुढे त्यांची उखडणी जोरात झाली. गावोगावचे लाकडी एलिव्हेटर जाऊन मुख्य मार्गालगत काँक्रीटचे अवाढव्य टर्मिनल आले. मॅनिटोबातल्या इंग्लिस गावी पाच एलिव्हेटर ओळीने उभे आहेत, राष्ट्रीय वारसास्थळ म्हणून जपलेले. जरूर बघा, पण तिथे रूळ उरलेला नाही.

ओळखायचं कसं? फाटकाशी गाडी बाजूला लावा आणि रस्त्यावरूनच रुळाच्या माथ्याकडे बघा. रोजच्या मार्गावर माथा आरशासारखा चकचकीत असतो आणि दोन्ही कडांना काळपट तेलकट पट्टा दिसतो. आठवड्याला एखादी गाडी जात असेल तर माथ्यावर चॉकलेटी झाक येते. पूर्ण तांबूस गंज आणि स्लीपरांमधून वर आलेलं गवत दिसलं की एलिव्हेटरचा फोटो काढून पुढे चला. घरबसल्या तपासायला ओपनरेलवेमॅप हा नेटवरचा नकाशा आणि उपग्रह-चित्रं आहेतच, पण रुळाचा माथा खोटं बोलत नाही.

६. गाडी येतेय हे कसं कळतं

सर्वांत भरवशाचा साधा रेडिओ-स्कॅनर. रेल्वेचं बोलणं १६० ते १६१ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात असतं. मार्गावर ठरावीक अंतराने तापलेले बेअरिंग पकडणारी यंत्रं बसवलेली आहेत. गाडी त्यांच्यावरून गेली की त्यातली बरीच यंत्रं रेडिओवर बोलतात: कंपनी, मैल, बिघाड नाही, एकूण आस (चाकांच्या जोड्या) इतके. मैल कळला की गाडी कुठे आहे ते कळलं. तीच गाडी पुढच्या यंत्राकडून ऐकू आली तर दिशाही कळली. वाघिणीला चार आस धरून भागाकार करा, लांबीचा अंदाज येतो. ऐकलेलं स्वतःपुरतं ठेवा, नेटवर टाकू नका, कायदा त्याबाबत कडक आहे. आणि गाडी चालवताना स्कॅनर हातात नको.

सीएनच्या मार्गावर आणखी एक गंमत कामाला येते. हा मार्ग ग्रँड ट्रंक पॅसिफिक कंपनीने बांधला तेव्हा पोर्टेजपासून पश्चिमेला स्थानकांना इंग्रजी वर्णमालेच्या क्रमाने नावं दिली. झेड संपला की पुन्हा ए. सस्कटूनच्या पूर्वेला यंग, झेल्मा, मग ॲलन, ब्रॅडवेल, क्लॅव्हेट अशी रांग आजही आहे. रेडिओवर आधी ब्रॅडवेल आणि नंतर ॲलन ऐकलंत तर नकाशा न उघडता समजा: गाडी पूर्वेला निघाली आहे.

स्कॅनर नसेल तर सायडिंगपाशी, म्हणजे गाडी बाजूला घ्यायच्या जोडरुळापाशी, थांबा. बराच मार्ग एकेरी आहे, त्यामुळे एक गाडी सायडिंगला उभी दिसली की बहुधा समोरून दुसरी येणार असते. शिवाय कान उघडे ठेवा. फाटकाआधी दोन लांब, एक आखूड, एक लांब अशी शिटी सपाटीवर वारा अनुकूल असेल तर फार दुरून ऐकू येते.

प्रवासी गाडी हवी असेल तर वाया रेल या प्रवासी कंपनीची 'द कॅनेडियन'. टोरांटो-व्हँकुव्हर, दोन्ही दिशांना आठवड्यातून दोनदा, १९५०च्या दशकातले स्टेनलेस स्टीलचे डबे. ती सीएनच्या रुळांवरून जाते आणि मालगाड्यांपुढे तिचं काही चालत नाही, त्यामुळे तासन्‌तास उशीर नेहमीचा. वायाच्या संकेतस्थळावर ती कुठे आहे ते दिसतं, तेवढंच बघा. छापील वेळेवर जाऊ नका.

आणि हो, इंजिन गेलं की कॅमेरा बॅगेत टाकू नका. तीन किलोमीटर लांबीची गाडी ताशी ऐंशीने गेली तरी पुरती निघायला सव्वादोन मिनिटं लागतात आणि अशा गाडीच्या मध्ये किंवा शेवटी आणखी इंजिनं जोडलेली असतात. मागच्या इंजिनाचा फोटो पुष्कळदा पुढच्यापेक्षा सरस येतो, कारण तोवर हात स्थिरावलेला असतो.

७. उजेडाचं गणित

इथे आपला भारतातला अंदाज चुकतो. अक्षांश पन्नासच्या आसपास, मार्ग ढोबळमानाने पूर्व-पश्चिम. जून-जुलैत सूर्य ईशान्येला उगवतो आणि वायव्येला मावळतो. म्हणून पहाटे आणि संध्याकाळी उजेड रुळांच्या उत्तर बाजूला पडतो, मधल्या वेळी दक्षिण बाजूला. सकाळी नऊच्या सुमाराला दक्षिणेला या आणि संध्याकाळी सहा-सातनंतर उत्तरेला जा. विनिपेगला जूनमध्ये सूर्य पावणेदहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे उत्तर बाजूचा तिरपा सोनेरी उजेड तीन तास मिळतो. जेवण त्याआधी उरकून घ्या.

भर दुपारी लांबची लेन्स काढण्यात अर्थ नाही. तापलेल्या खडीवरून हवा थरथरते आणि इंजिन पाण्याखाली असल्यासारखं दिसतं. लोक लेन्सला दोष देतात, ती दुरुस्तीला टाकतात. अशा वेळी जवळून, रुंद कोनातून, आभाळ मोठं घेऊन काढा किंवा सरळ झोप काढा.

८. कुठे उभं राहायचं

*पोर्टेज ला प्रेअरी.* विनिपेगपासून ८५ किलोमीटरवर. दोन्ही कंपन्यांचे मुख्य मार्ग गावातून जवळजवळ जातात. पहिला दिवस इथेच घालवा, हात बसतो.

*युनो, मॅनिटोबा.* मिनिओटाजवळ, असिनिबॉइन नदीच्या खोऱ्यात सीएनचा उंच लोखंडी पूल. वर्णमालेतला 'यू' तो हाच. रस्ता खडीचा, पाऊस झाला असेल तर बेत बदला.

*मेलव्हिल.* सीएनचं मोठं ठाणं, इथे चालक बदलतात आणि जुनं स्थानक दुरुस्त करून जपलेलं आहे. गावाचं नाव ग्रँड ट्रंक पॅसिफिकचे अध्यक्ष चार्ल्स मेलव्हिल हेज यांच्यावरून. १९१२ साली टायटॅनिक बुडाली तेव्हा ते गेले.

*फेबियन, अल्बर्टा.* वेनराइटच्या पश्चिमेला, बॅटल नदीवरचा पूल. सुमारे ६० मीटर उंच. खाली दरीत उतरून वर बघत काढायचा.

*लेथब्रिज.* सहलीत एकच पूल बघायचा असेल तर हा. १९०९ साली पूर्ण झाला, लांबी १,६२४ मीटर, उंची ९६ मीटरच्या आसपास. ओल्डमन नदीकाठच्या इंडियन बॅटल पार्कमधून सबंध पूल दिसतो आणि खांबांच्या जाळीतून सकाळी कोवळं ऊन येतं. गाड्या मात्र मुख्य मार्गापेक्षा कमी आहेत, अर्धा दिवस राखून ठेवा. वाघिणींवरच्या चित्रांसाठी इथे दुर्बीण लागते, गाडी इतकी उंचावर असते.

*चॅपलिन, सस्कॅचेवान.* याच्यावर कुणी फारसं लिहीत नाही. हायवे १ ला लागूनच सोडियम सल्फेटचा कारखाना, खारं तळं आणि पांढरेशुभ्र ढिगारे. त्यापुढून लाल इंजिन जाताना जुलैतही बर्फ पडल्यासारखं वाटतं. एक स्टॉप कमी करून एक दिवस इथे द्यावा, इतकं मोलाचं ठिकाण आहे.

*मूस जॉ.* चौथ्या अव्हेन्यूच्या रस्तापुलावरून यार्ड दिसतं. पदपथ आहे, तिथून बिनधास्त काढा.

कॅलगरीला पोचल्यावर सगळे सांगतील, रॉकीजमध्ये जा. डोंगरातल्या गाड्यांचे फोटो पोत्याने मिळतात. मी तरी गाडी पूर्वेकडे वळवतो.

वाफेचं इंजिन हवं असेल तर विनिपेगची प्रेअरी डॉग सेंट्रल, तिचं इंजिन १८८२ साली ग्लासगोत बांधलेलं. नाहीतर अल्बर्टातल्या स्टेटलरहून निघणारी पर्यटक गाडी. दोन्ही ठरावीक दिवशीच, आधी तारखा बघा.

९. हद्द

रेल्वेच्या जमिनीत शिरणं हा संघीय कायद्याखाली गुन्हा आहे. 'आमच्याकडे चालतं' हे इथे म्हणू नका. फाटकाशी जवळच्या रुळापासून किमान पाच मीटर लांब थांबा आणि दोन रूळ असतील तर दुसरी गाडी येतेय असंच धरून चाला. सार्वजनिक रस्त्यावरून फोटो काढायला कुणाची हरकत नसते. रेल्वे पोलीस थांबले तर सरळ सांगा, फोटो काढतोय. त्यांना रोज असे भेटतात.

चालकाला हात करायचा तर साधा करा. रुळाजवळ कुणीही कुठलीही वस्तू जोरजोरात हलवली तर तो गाडी थांबवण्याचा इशारा मानावा, असा इथल्या नियमावलीतच नियम आहे. टोपी फिरवून आनंद व्यक्त केलात आणि तीन किलोमीटरची गाडी थांबली, तर पुढचं बोलणं अवघड जाईल.

फाटकावरच्या निळ्या-पांढऱ्या फलकावर आपत्कालीन क्रमांक, सबडिव्हिजन आणि मैल लिहिलेला असतो. गाडी रुळात अडकली किंवा वाघिणीतून धूर दिसला तर आधी लांब जा, मग तो क्रमांक लावा.

शेतात पाय ठेवण्याआधी विचारा. पीक तुडवण्याचा प्रश्न आहेच, शिवाय क्लबरूट नावाचा कॅनोलाचा रोग बुटांच्या आणि टायरांच्या चिखलातून एका शेतातून दुसऱ्या शेतात जातो. अल्बर्टातले शेतकरी त्याला जाम घाबरून असतात. दार वाजवून विचारलं तर बहुतेक जण हो म्हणतात, वर चहा-कॉफीही मिळते. ड्रोन २५० ग्रॅम किंवा जास्त वजनाचा असेल तर नोंदणी आणि प्रमाणपत्र लागतं. भारतातून आणलेला पेटीतच राहू द्या.

१०. रस्त्यावरचे सापळे

घड्याळ: सस्कॅचेवान उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही. त्यामुळे उन्हाळ्यात तिथली वेळ अल्बर्टासारखी आणि हिवाळ्यात मॅनिटोबासारखी असते. लॉइडमिन्स्टर मात्र कायम अल्बर्टाची वेळ पाळतं.

वाट चुकणं: गावरस्ते चौकटीत आखलेले आहेत. सस्कॅचेवान आणि अल्बर्टात रेंज रोड उत्तर-दक्षिण, मैलामैलावर. टाउनशिप रोड पूर्व-पश्चिम, दोन-दोन मैलांवर. हे एकदा लक्षात आलं की फोनला रेंज नसली तरी चालतं. जीपीएस मात्र मातीच्या पायवाटेलाही रस्ता म्हणतो.

चिखल: खडी संपून नुसती माती लागली आणि आभाळ भरून आलं तर तिथूनच मागे वळा. ओल्या मातीला इथे गम्बो म्हणतात. ती चाकाला थरावर थर चढवते आणि बघता बघता चाक फिरणं बंद होतं. टोइंगवाला शंभर किलोमीटरवरून येतो आणि कधीकधी तोही रस्ता वाळेपर्यंत थांबायला सांगतो.

गारा, हरणं, पेट्रोल: एन्व्हायर्नमेंट कॅनडाचे इशारे फोनवर चालू ठेवा, उन्हाळी वादळात गारा काचा फोडतात. संधिप्रकाशात हरणं रस्त्यावर येतात, नेमकी आपण उजेड संपवून मोटेलकडे निघतो तेव्हा, म्हणून वेग कमी. टाकी अर्धी झाली की भरा. आणि लहान गावातली मोटेलं कापणीच्या दिवसांत आणि पोटॅश खाणींच्या दुरुस्तीच्या काळात कामगारांनी भरलेली असतात, तेव्हा खोली दुपारीच फोन करून ठरवा.